मदत हवी आहे: बुटक्या गाडीसाठी पुण्याजवळचा घाट

पुण्यात राहतो, सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-4 (दोन सीटची स्पोर्ट्स कार) घेतलीय, खालचा क्लिअरन्स, म्हणजे रस्ता नि गाडीच्या तळातलं अंतर, जेमतेम साडेचार इंच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चालवून बघितली, पण सरळ रस्ता, त्यात लिमिट 100 आणि घाटात 60, क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच वेगात ठेवणारं बटण) लावून बसायचं तर साधी सेडान काय वाईट होती? मजा खरी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधल्या वळणांची, 50-60 च्या आतच येते, रेसबिस अजिबात करायची नाहीये.

ताम्हिणी घाटात रविवारी गेलो तर धबधब्यापाशी गाड्याच गाड्या, कणसाच्या ठेल्यापुढे अर्धा तास पहिल्या गिअरवर. वरंध घाटाला गेलो तर भोरच्या पुढे एका गावात बिनरंगाचा स्पीडब्रेकर, तिरकी घातली तरी पुढचा लिप (बंपरची खालची कड) खर्रर्र करून घासलाच, तिथूनच परत फिरलो. गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसवायचं नाहीये, बजेट नाही.

आता पावसाळा संपल्यावर पहाटे 5 ला निघून दुपारी जेवायला घरी, म्हणजे एका बाजूने फार तर 150-160 किमी. महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट डोक्यात आहे, कराड-चिपळूणचा कुंभार्ली घाट जरा लांब पडतो आणि ट्रकही असतात. कोणी हल्ली बुटकी गाडी आंबेनळीतून पोलादपूरपर्यंत उतरवलीय का, आणि खाली घासेल असे स्पीडब्रेकर नि खड्डे नेमके कुठे कुठे आहेत?