दहावीची मुलं मागे पडायला लागली की काय करता? (अनुभव धागा)

खडूची पेटी: सहामाहीचा गुणतक्ता बघितला, लाल शाईची तीच जुनी रांग. म्हणून धागा काढतेय. मार्चात नापास झालेलं पोरगं दिवाळीआधीच सुटलेलं असतं. तीन कागद शेजारी ठेवा: हजेरी, सहामाहीचे गुण, प्रयोगवही. हजेरी 75 टक्क्यांकडे घसरायला लागली की आधी घरी फोन, नोटीस मागून. सातारा-सांगलीकरांनो, तुम्ही काय करता?

माणदेशी: जत, आटपाडी, माण. आई-बापानं मुकादमाकडून (तोडणी टोळीचा म्होरक्या) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की कोण ऊसतोडीला जाणार ते कळतं. पोराची सोय तेव्हाच बघायची, आजी-आजोबांकडं नाहीतर वसतिगृहात. टोळी हलल्यावर पळापळ करून उपयोग नाही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परीक्षा होऊन जाते.

त्रिकोणाचा चौथा कोन: कच्च्या मुलांना गणितात आधी भौमितिक रचना, संभाव्यता, सांख्यिकी. समरूपता, वर्तुळ नंतर. रचनेत मार्क जातात ते कंपासच्या ढिल्या स्क्रूपायी: दुसरा कंस मारेपर्यंत अंतर सरकलेलं असतं, छेदनबिंदू भलतीकडंच. स्क्रू आवळा, पेन्सिलीला टोक करा, कंस अजिबात खोडू देऊ नका.

कराड ष्टँड: कर्कटक मात्र बाकावर नाव कोरायलाच 😄

खडूची पेटी: @कराड बाकांचा विषय काढू नका हो

पासिंगपुरते: घरच्यांना हे माहीतच नसतं. गणित-विज्ञान मिळून 70 लागतात, प्रत्येकी निदान 25. म्हणजे गणितात 28 वर अडकला तर विज्ञानात 42 पाहिजेत. तीन भाषांचे मिळून 105, तिथंही प्रत्येकी 25. म्हणून गणितात बुडणाऱ्याचं विज्ञान आधी पक्कं करा. प्रात्यक्षिकाचे मार्कही वही अर्धी असली की हातचे जातात, आणि आदल्या रात्री उतरवलेली वही लगेच ओळखू येते.

कोयनेचं धुकं: पाटणकडच्या वाड्यांवर जादा तास शाळा सुटल्यावर ठेवू नका. शेवटची एसटी चुकायच्या भीतीनं मुली थांबतच नाहीत. सकाळच्या पहिल्या गाडीला धरून ठेवा. मुलींचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत आहे, शाळेनं यादी वेळेत द्यायला हवी.

नवीन आयडी: शाळाच सुटली असेल तर? वर्ष झालं

पासिंगपुरते: सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचा अर्ज, ऑनलाइन. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. पण दहावीला बसून नापास झाला असेल तर सतरा नंबर नको, इथंच लोक गोंधळतात. त्यानं पुनर्परीक्षार्थी म्हणून राहिलेलेच विषय द्यायचे, पास झालेल्यांना सूट मिळते. एक-दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर) अकरावीला बसता येतं. आपलं विभागीय मंडळ कोल्हापूरला.

नवीन आयडी: दाखला आहे. धन्यवाद दादा

माणदेशी: कोयनेचं धुकं, पाऊस उघडला का तिकडं? इकडं टँकर चालूच

कोयनेचं धुकं: कसला उघडतोय, छत्र्या वाळेनात. पाठवू का थोडा?