लावणीच्या सरावात नडगी दुखते, घोटा मुरगळला: काय चुकून राहिलं?

वडसा_पट्टा: आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात नाचणाऱ्या सहा मुलींचा सराव समाजमंदिराच्या सिमेंट फरशीवर सुरू आहे. रोज दोन तास, घुंगरं बांधून. चौघींच्या नडग्या आतल्या बाजूनं दुखतात. एकीचा घोटा काल बाहेरच्या अंगानं मुरगळला, सुजला आहे. घरचे गरम तेलानं चोळा म्हणतात. पहिला प्रयोग 12 दिवसांवर. सांगा जी.

फिजिओ_ताई: चोळू नका जी, पहिले तीन दिवस तर नाहीच. आत लिगामेंटचे, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांचे तंतू तुटून रक्त उतरलेलं असतं, शेकलं-चोळलं की सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत. बोटं थंड पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. झोपताना पायाखाली उशा.
पण आधी हे पाहा: चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबताच कळ येत असेल, तर आजच एक्स-रे.

नाच_शिकवणारा: नडगीचं दुखणं पाय मारण्यातून येतं. गुडघा ताठ ठेवून टाच आपटली की सिमेंटचा दणका सरळ हाडात जातो. गुडघा मोकळा ठेवून सपाट तळवा मारायचा, घुंगरं तेवढ्यानंही वाजतात. उडी उतरताना आधी चवडा, मग टाच पूर्ण टेकली पाहिजे. घाईच्या ठेक्यात मुली टाच हवेतच ठेवतात, मग पोटरीला सैल व्हायला वेळच मिळत नाही. नाचात गुडघे वाकवून खाली बसताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. तो आत पडला की तळपायाची कमान खचते. मोबाईलवर समोरून व्हिडिओ घ्या, लगेच दिसेल.
फरशी सोडा, कुणाचं सारवलेलं अंगण मिळालं तर उत्तम. घुंगरं शेवटचा अर्धा तासच बांधा.

वडसा_पट्टा: घोटावाली पहिल्या प्रयोगात नाचेल का?

फिजिओ_ताई: 12 दिवसांत अवघड आहे. एका पायावर 30 सेकंद उभं राहणं, त्याच पायावर 20 वेळा टाच उचलणं, मग 10 लंगड्या उड्या, हे सगळं न दुखता जमलं तरच. तिच्या जागी दुसरीला आत्तापासून तयार करा. आणि त्या चौघींपैकी कुणाला नडगीवर रुपयाएवढ्या एकाच जागी दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिचा नाच बंद, डॉक्टरला दाखवा.