मदत हवी आहे: गेममध्ये माझा आवाज मित्राला जातो, भाच्याला जात नाही

रामबागचा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिलं की मग तेच तेच विचारलं जातं, म्हणून सगळं एकदमच टाकतो.

मी इंदूरला, रामबागेत. शनिवारी रात्री साडेनऊपासून आम्ही तिघं एक गेम खेळतो. मी, माझा भाचा (बडोद्याला, वय १२) आणि माझा कॉलेजचा मित्र (ग्वाल्हेरला, लष्करमध्ये त्याचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे). बेटावर उतरायचं, लाकडं तोडायची, घर बांधायचं आणि रात्री राक्षस आले की पळायचं, एवढंच आहे त्यात. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर हा गेमच भंगार आहे, तो दुसरा घ्या, असं सुरू होतं. छोट्या कंपनीचा गेम आहे, आम्हाला आवडतो.

तर प्रॉब्लेम असा. मला मित्र ऐकू येतो, मित्राला मी. मित्राला भाचा ऐकू येतो, भाच्याला मित्र. पण मी आणि भाचा, एकमेकांना काही म्हणजे काहीच नाही. त्याच्या नावाशेजारचं स्पीकरचं चिन्ह राखाडीच राहतं, वर ती फिरकी फिरते फिरते आणि अर्ध्या मिनिटाने लाल होते. गेम मात्र मख्खन चालतो, तो माझ्यासमोर उड्या मारताना दिसतो, हात हलवतो, मी त्याला कुऱ्हाड दिली तर घेतो, फक्त आवाज नाही.

त्यामुळे मित्र दुभाष्या झालाय. भाचा ओरडतो मामाला सांगा मागे राक्षस आहे, मित्र मला सांगतो, तोवर मी मेलेलो असतो. आणि तो जसंच्या तसं सांगत नाही, वरून स्वतःचा जिरावन मसाला भुरभुरवून सांगतो, त्यामुळे एकदा आमचं भांडणच झालं.

आतापर्यंत केलेलं: हेडफोन बदलला, दुसऱ्याचा आणून पाहिला, विंडोजमध्ये मायक्रोफोनची परवानगी तपासली, गेम काढून परत टाकला (१८ जीबी, पूर्ण रात्र गेली), राउटर बंद-चालू केला, आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पण खेळून पाहिलं, तरी तेच. म्हणजे नेटचा दोष नाही हे नक्की. स्पीड १०० एमबीपीएस आहे.

आणि डिस्कॉर्ड (खेळताना बोलायचं वेगळं अॅप) घ्या सांगू नका प्लीज. त्याला १३ वर्षं पूर्ण लागतात, भाचा १२ चा आहे, ताई शाळेत शिकवते आणि नियम म्हणजे नियम. साधा फोन स्पीकरवर ठेवूनही झालं, आवाज घुमतो आणि ताईचा फोन दीड घंटा अडकून पडतो.

पोहे_सकाळी_सातला

भिया, हेडफोन ब्लूटूथचा आहे का? ब्लूटूथमध्ये माइक चालू झाला की तो गाण्याच्या मोडमधून कॉलच्या मोडमध्ये जातो, आवाज टिनच्या डब्यातून आल्यासारखा येतो नाहीतर गायबच होतो. वायरचा घे, सरवटे बसस्टँडजवळ मोबाईलवाल्यांकडे स्वस्तात मिळेल.

रामबागचा_मामा

वायरचाच आहे. आणि माइक खराब असता तर मित्राला तरी कसा ऐकू आला असता?

क्लच_किंग_उज्जैन

फायरवॉल बंद कर पूर्ण. अँटीव्हायरस पण उडव. माझं असंच झालं होतं, झटक्यात सुरू झालं.

मृण्मयी_नेटवर्कवाली

पूर्ण बंद करून ठेवू नका हो. तपासायला दोन मिनिटं बंद केलीत तर ठीक, पण फरक पडला तर त्या एका गेमला फायरवॉलमध्ये परवानगी द्यायची आणि परत चालू करायची. विंडोज पहिल्यांदा विचारतं ना, प्रायव्हेट नेटवर्क की पब्लिक, तिथे घाईत काहीतरी दाबलं जातं, बऱ्याचदा चूक तिथे असते. पण तुमच्या बाबतीत मला ते वाटत नाही. फायरवॉलने अडवलं असतं तर दोघांनाही अडवलं असतं.

खांबावरचा

देवासला केबल आणि नंतर फायबरचं काम केलंय बरीच वर्षं. तीन गोष्टी सांगा.
घरी कंपनीचा फायबरचा डबा आणि त्याला जोडलेला तुमचा स्वतःचा राउटर, असं दोन आहे का?
राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय दिसतो?
ग्वाल्हेरवाल्या मित्राच्या दुकानात सीसीटीव्ही आहे का?

रामबागचा_मामा

दोन डबे आहेत, बरोबर. घर जुनं, भिंती दीड हात जाड, कंपनीच्या डब्याचं वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पण पोचत नव्हतं म्हणून मी राउटर आणला. माझ्या राउटरवर वॅन आयपी १९२.१६८.१.४ दिसतो. आणि सीसीटीव्ही आहे, तो रात्री जेवताना मोबाईलवर दुकान बघत बसतो. पण त्याचा इथे काय संबंध?? तुम्हाला कसं कळलं??

खांबावरचा

आता कंपनीच्या डब्याच्या पानावर जा, तिथला वॅन आयपी बघा. १०० ने सुरू होतो का ते सांगा.

रामबागचा_मामा

१००.८१ पुढे अजून दोन आकडे.

खांबावरचा

सापडलं.

दमाने सांगतो. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा, वीस बिऱ्हाडं, रस्त्यावर एकच दरवाजा, दारात एक रखवालदार. बाहेरच्याला फक्त वाड्याचा पत्ता माहीत. तुमच्या बिऱ्हाडातून कोणी चिठ्ठी पाठवली की रखवालदार वहीत लिहून ठेवतो, अमक्याने तमक्याला चिठ्ठी पाठवलीये, उत्तर आलं की आत सोडायचं. आणि ज्याला तुम्ही कधी चिठ्ठीच पाठवली नाही तो दारात आला तर त्याला हाकलतो. हे नॅट. तुमच्या राउटरमध्ये एक रखवालदार, कंपनीच्या डब्यात दुसरा, आणि १०० ने सुरू होणारा आकडा म्हणजे कंपनीच्या ऑफिसात तिसरा, तिथे शेकडो घरं एकाच बाहेरच्या पत्त्यावर. त्याला सीजीनॅट म्हणतात.

गेम का चालतो? कारण तिथे सर्व्हर आहे, म्हणजे गेमवाल्यांचा मधला कॉम्प्युटर. तुम्ही तिघं आपापल्या घरातून त्याला चिठ्ठी पाठवता, उत्तरं येतात, सगळे रखवालदार खूश. पण छोट्या गेममध्ये खाजगी रूमचा आवाज बहुतेक सर्व्हरवरून नेतच नाहीत, पैसे वाचवायला सरळ एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे पाठवतात. तुम्ही बडोद्याच्या दारात, तुम्हाला हाकललं. भाचा तुमच्या दारात, त्याला हाकललं. ती फिरकी म्हणजे हेच चाललेलं असतं. आणि मित्राने कॅमेरे बाहेरून बघता यावेत म्हणून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा बाहेरचा पत्ता, घेतलेला असणार, दुकानवाले घेतातच. त्याच्या वाड्याला रखवालदार एकच आणि तोही त्याच्या पगारावरचा, म्हणून तुम्ही दोघंही तिथे आरामात शिरता.

पोहे_सकाळी_सातला

काका गजब 🙏 मित्र म्हणजे चौकातली पानाची टपरी झाला की, सगळे तिथेच भेटतात.

रामबागचा_मामा

मित्राला विचारलं, हो, स्टॅटिक आयपी आहे, तो म्हणतो हे तुला खांब बघून कोणी सांगितलं. पण मग हॉटस्पॉटवर का नाही चाललं? तिथे तर हे डबे नव्हतेच. मी त्यावरूनच नेट सोडून दिलं आणि १८ जीबी परत उतरवलं.

मृण्मयी_नेटवर्कवाली

हॉटस्पॉटचा उपाय सगळे सांगतात म्हणून मुद्दाम लिहिते. मोबाईल नेट पण बहुतेक सीजीनॅटच्या मागेच असतं, त्यामुळे तुम्ही एका वाड्यातून निघून दुसऱ्या वाड्यात गेलात, रखवालदार होताच. हॉटस्पॉटवर सुरू झालं असतं तर घरच्या नेटचा दोष नक्की म्हणता आलं असतं. नाही झालं, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि स्पीडचा इथे काही संबंध नाही. गेममधला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, सेकंदाला ५० पाकिटं, सगळं मिळून १०० किलोबिटच्या आतबाहेर. तुमच्या १०० एमबीपीएसचा हजारावा हिस्सा. प्रश्न रस्ता किती रुंद आहे हा नाहीये, दार उघडतं का एवढाच आहे.

खांबावरच्या काकांचं चित्र बरोबर आहे, एक भर घालते. दोन्ही बाजूंना रखवालदार असले तरी सहसा जमतं. दोघंही मधल्या एका सर्व्हरला विचारतात, बाहेरून माझा पत्ता आणि पोर्ट (त्या पत्त्यावरचा दाराचा नंबर) काय दिसतो, मग एकाच वेळी एकमेकांना चिठ्ठी पाठवतात, दोन्ही वह्यांत नोंद होते आणि दार उघडतं. पण काही नॅट दर नव्या माणसासाठी नवा पोर्ट नंबर देतात, मग विचारून ठेवलेला नंबर फुकट जातो. दोन्हीकडे तसलं असलं की मध्ये रिले लागतो, म्हणजे दोघांचा आवाज इकडून तिकडे पोचवणारा सर्व्हर, आणि तो या गेमने ठेवलेला दिसत नाही.

हा सगळा खटाटोप पत्ते संपले म्हणून. आयपीव्ही४ म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत, तिचे एकूण पत्ते ४२९ कोटी, आशियाच्या वाट्याचा साठा २०११ मध्ये तळाला गेला, आणि २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा खास कंपन्यांच्या सीजीनॅटसाठी बाजूला काढला. म्हणून १०० पाहिल्यावर काका लगेच सापडलं म्हणाले. मात्र नुसतं १०० पाहून ठरवू नका कोणी, दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये हवा.

क्लच_किंग_उज्जैन

एवढं कशाला, पोर्ट फॉरवर्ड कर ना सरळ, राउटरला सांग त्या पोर्टवर बाहेरून आलेलं थेट तुझ्या कॉम्प्युटरला दे.

खांबावरचा

सीजीनॅटमध्ये पोर्ट फॉरवर्ड म्हणजे स्वतःच्या खोलीचं दार उघडं टाकून झोपायचं, वाड्याचा दरवाजा बंदच. चोर तेवढे खूश, घरातलेच.

रामबागचा_मामा

मग करू काय? केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी मागू?

मृण्मयी_नेटवर्कवाली

पब्लिक आयपी मागा. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, तुम्हाला त्याची गरज नाही, रोज बदलला तरी चालेल, फक्त तुमच्या एकट्याचा हवा. कंपन्या बहुतेक दोन्ही एकत्रच विकतात आणि थोडे पैसे घेतात, ते वेगळं. दोघांपैकी एकाकडे असला तरी पुरे, भाच्याच्या घरी काही करायला नको. आणि दोन डब्यांचा घोळ पण काढा, कंपनीचा डबा ब्रिज मोडला टाकायला सांगा, म्हणजे तो रखवालदारी सोडून नुसतं पुढे देईल आणि नेट तुमचा राउटरच जोडेल. मग राउटरमध्ये यूपीएनपी चालू करा, गेम स्वतःला हवा तो पोर्ट उघडून घेईल.

एक काळजी मात्र घ्या. पब्लिक आयपी मिळाला की तुमचा राउटर जगाला दिसायला लागतो. अॅडमिनचा पासवर्ड बदला, बाहेरून लॉगिन करायची सोय बंद आहे ना बघा. ग्वाल्हेरच्या दुकानदारांना पण सांगा, कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून १२३४५६ असेल तर अख्खं जग त्यांचं दुकान बघतंय.

रामबागचा_मामा

(पाच दिवसांनी) अपडेट. केबलवाल्याला फोन केला, पहिला मुलगा म्हणाला सर तुमचं नेट तर चालू दाखवतंय, दुसरा म्हणाला स्पीड वाढवून देतो २०० चा प्लॅन घ्या, तिसऱ्याला सीजीनॅट हा शब्द म्हटला तेव्हा तो एकदम गप्प झाला आणि म्हणाला साहेबांशी बोलून सांगतो. पैसे भरले. काल एक जण येऊन डबा ब्रिजला टाकून गेला, पण जाताना राउटरवरून नेट जोडायचा युजरनेम पासवर्ड द्यायचा विसरला, त्यामुळे रात्रभर घरात नेटच नाही आणि आईची मालिका बुडाली, तिने माझ्याशी सकाळपर्यंत अबोला धरला. आज सकाळी युजरनेम मिळालं. राउटरवर वॅन आयपी आता १०० ने सुरू होत नाही. यूपीएनपी चालू केलंय, पासवर्ड बदलला. मित्राच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड विचारू नका. बदलला त्याने.

खांबावरचा

शनिवारी खेळून सांगा. लाल झालं तर गेम पूर्ण बंद करून परत उघडा, रूम नवीन करा, जुन्या रूममध्ये जुनाच पत्ता धरून बसतो कधी कधी.

रामबागचा_मामा

झालं!! काकांनी सांगितलं तसंच, जुन्या रूममध्ये लाल, नवीन केली आणि दोन सेकंदांत हिरवं. मी हॅलो हॅलो करत होतो, तिकडून पहिलं वाक्य आलं, "मामा, तुझ्या मागे कुकर वाजतोय, तीन झाल्या, आजीला सांग." मग मी गॅस बंद करायला उठलो आणि तेवढ्यात राक्षसाने मला खाल्लं. मित्र आता कुरकुरतोय की तुम्ही दोघं एकमेकांत बोलता, मला कोणी विचारत नाही.

मृण्मयीताई, काका, दोघांचे आभार. इंदूरला आलात तर सराफ्यात रात्री भेटू, भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.

पोहे_सकाळी_सातला

आणि मी हेडफोन सांगितला त्याचं काय भिया

रामबागचा_मामा

तुला गराडूची प्लेट.