सदाफुलीची पानं चावावीत का?

अंगणवेडी:
आमच्या सोसायटीतले काही काका सकाळी फिरून आले की कुंडीतल्या सदाफुलीची दोन पानं तोडून चावतात, शुगरवर म्हणून. सुनांचा आरडाओरडा चालू असतो. मी म्हणते, चावू देत की! जास्वंद, पारिजातक, अडुळसा यांवरच आपल्या आज्यांनी घरं सांभाळली. पानागणिक डॉक्टर कशाला?

कडूकारलं:
जास्वंदीचं तेल खुशाल लावा, सदाफुली पोटात नको. व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कॅन्सरची औषधं हिच्यातूनच निघाली. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हिची पानं मधुमेहासाठीच तपासत होते. तोंडाने दिलेल्या अर्काने उंदरांची साखर हलली नाही. अर्क टोचला, तर पांढऱ्या पेशी घसरल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले.

पाटलीणबाई:
म्हणजे झाडात दम आहे! ती पानं जमैकाहून आली होती, तिथले लोक मधुमेहावर त्यांचा चहा पीत. त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या लोकांमुळेच हे औषध सापडलं ना?

कडूकारलं:
श्रेय शंभर टक्के त्यांचं. पण औषध शिरेतून देतात, मोजून, रक्त तपासत. ग्रॅमभर व्हिन्क्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळकी पानं लागतात.

अंगणवेडी:
घ्या, शेकडो किलो! मग दोन पानांनी काय बिघडणार?

कडूकारलं:
आणि काही बिघडत नसेल, तर शुगर कशी उतरणार? दोन्हीकडून बोलू नका. झाडात शंभरावर अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी वनस्पतीतली रसायनं, आहेत, कुठल्या पानात किती, कोण सांगणार? त्यात काकांची शुगरची गोळी चालूच असेल.

निवांत_नाशिककर:
मला भीती सदाफुलीपेक्षा ‘फुलझाड आहे, काय होतंय’ या वाक्याची. कण्हेर आणि बिट्टीही अंगणातच असतात, पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणखी एक गोंधळ म्हणजे कॅलेंड्युलाचं मलम. ते दसऱ्याच्या झेंडूचं नाही, ते झाडच वेगळं. लोक मात्र तोरणातला झेंडू वाटून जखमेवर थापतात.

पाटलीणबाई:
मग गुलकंदही बंद करायचा का?

निवांत_नाशिककर:
छे! गावठी गुलाब, खडीसाखर, बरणी उन्हात. फक्त बाजारातल्या हारांचे गुलाब घेऊ नका, फवारलेले असतात. आणि मधुमेही काकांना तो देऊ नका, साखरच आहे ती.

अंगणवेडी:
काकांना दाखवते हे सगळं. पण ‘माझी शुगर आटोक्यात आहे’ असंच म्हणतील, आणि गोळीचं नाव काढणार नाहीत.