प्राणायाम : फरक कशाने पडतो, बिघडतं कुठे?

नियमित करणाऱ्यांनी आणि वर्ग घेणाऱ्यांनी नेमकं लिहावं. नुसतं 'खूप छान वाटतं' नको.

गवतीचहा
रक्तदाबासाठी वेग महत्त्वाचा. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बाहेर सोडताना नाडी मंदावते, म्हणून तो भाग लांब ठेवायचा. कुंभक (श्वास रोखून धरणं) नको. रोज १० मिनिटं, रिकाम्या पोटी. दाब थोडा उतरतो, पण गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

फुलपात्र
कपालभातीने रक्तातला ऑक्सिजन वाढतो, हे डोक्यातून काढा. निरोगी माणसात त्याचं प्रमाण आधीच ९५ टक्क्यांच्या वर असतं. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. तो फार उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठांना-बोटांना मुंग्या येतात. (काही वर्गांत याला 'ऊर्जा जागी झाली' म्हणतात!) अशा वेळी थांबायचं आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा. नवख्यांनी २० स्ट्रोक (श्वास सोडण्याचे झटके), मग मिनिटभर विश्रांती, अशी तीनच आवर्तनं करावीत. श्वास जोरात फक्त सोडायचा, घ्यायचा नाही. तो आपोआप आत येतो. खांदे हलत असतील तर पोट काम करत नाहीये. गरोदरपण, हर्निया, काचबिंदू, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आटोक्यात नसलेला रक्तदाब : यात कपालभाती आणि भस्त्रिका (जिच्यात श्वास घेणं-सोडणं दोन्ही जोरात) दोन्ही बंद.

पाटपाणी
+१. अनुलोम-विलोमात नाकाचं हाड दाबू नका. त्याखालचा मऊ भाग, तोही हलकेच. हात अवघडला की मान कलते. डाव्या तळव्याचा उजव्या कोपराला आधार द्या. श्वासाचा आवाज येत असेल तर वेग जास्त आहे.

ओवाधणे
नाक चोंदलेलं असेल तर आधी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, चहाचा एक सपाट चमचा मीठ. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं. नंतर वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हळू फुंकायचं; एक दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. मग भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. गुणगुणताना नाकातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शांत श्वासाच्या सुमारे १५ पट असतो, हे स्वीडनमध्ये २००२ साली मोजलंय. म्हणजे सायनसमधली (नाकाभोवतीच्या पोकळ्यांतली) हवा खेळती राहते.

फुलपात्र
दम्याचा अटॅक आला असताना मात्र प्राणायाम नाही, आधी इनहेलर. सीओपीडीवाल्यांनी (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांनी) दोन मोजत नाकाने आत, मग शिट्टीसारखे ओठ करून चार मोजत बाहेर. श्वासनलिका लवकर मिटत नाहीत, अडकलेली हवा निघते. जिना चढताना हेच करायचं : सोडताना पायरी, घेताना थांबा.