‘सिम्युलेशन’ला मराठीत काय म्हणाल?

शब्दखोर: मंडळी, एका केमिकल प्लांटच्या ऑपरेटर लोकांसाठी ट्रेनिंगचं पुस्तक मराठीत करायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर गाडी अडकली. ‘प्रोसेस सिम्युलेशन’, म्हणजे प्लांटमधली प्रक्रिया कॉम्प्युटरवर चालवून बघणं. आत्तापर्यंत जमवलेले शब्द: अनुकरण, सदृशीकरण, प्रतिरूपण, आभासी संचालन. अनुकरण म्हटलं की मला टोपीवाला आणि माकडंच आठवतात. सुचवा ना काहीतरी.

आजोळ: आभासी तर अजिबात नको. आभास म्हणजे जे नाही ते दिसणं. लॅटिनमधला मूळ शब्द ‘सारखं करणं’ असा आहे, आणि त्याच्या पोटातला ‘सिमिलिस’ आपल्या ‘सम’चा लांबचा भाऊबंदच. म्हणजे सदृशीकरण अर्थाने बरोबरच आहे हो, फक्त उच्चारताना जीभ अडखळते.

पॅनेलवाला: ताई, आधी एक सांगा, तुमच्या पुस्तकात नेमकं कुठलं सिम्युलेशन आहे? कारण प्लांटवर या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक डिझाइनवाल्यांचं, स्टेडी स्टेट, म्हणजे सगळं स्थिर धरलेलं. त्यात वेळ नावाची भानगडच नाही, फीड (आत जाणारा माल) किती, टेंपरेचर किती एवढं टाकायचं आणि वर काय निघेल खाली काय निघेल ते गणित काढून देतं. अ‍ॅस्पेन नावाचं सॉफ्टवेअर त्यातलंच, 1976 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीत सुरू झालेल्या प्रोजेक्टमधून आलेलं. फुकट हवं असेल तर डीडब्ल्यूसिम आहे, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो. पण ही शेवटी आकडेमोड, आणि आकडेमोड तुम्ही सांगाल तेच ऐकते. आमच्याकडे एका नवीन पोराने अल्कोहोल-पाणी वेगळं करणाऱ्या कॉलमला (ऊर्ध्वपातनाच्या टॉवरला) आयडियल मॉडेल, म्हणजे दोन द्रव मिसळले तरी एकमेकांवर परिणाम करत नाहीत असं धरणारं, लावलं आणि 99.9 टक्के अल्कोहोल काढून दाखवलं, खूश एकदम! साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम केलेला कुणीही सांगेल की साध्या कॉलममध्ये ते वजनाने 95.6 टक्क्यांच्या पुढे जात नाही, तिथे वाफ आणि द्रव यांचं मिश्रण सारखंच होतं, म्हणून तर पुढे उरलेलं पाणी शोषायला मॉलेक्युलर सीव्ह लावतात. एनआरटीएल हे अशा मिश्रणांसाठीचं मॉडेल निवडलं असतं तर मशीननेच त्याला थांबवलं असतं.

दुसरं डायनॅमिक. यात घड्याळ चालतं, व्हॉल्व्ह उघडला की लेव्हल हळूहळू चढते, पंप ट्रिप होतो, अलार्म वाजतात. समोर डीसीएस (कंट्रोल रूममधली नियंत्रण यंत्रणा) असते तशीच स्क्रीन. ऑपरेटरचं सिम्युलेशन हे.

शब्दखोर: दादा, माझ्या पुस्तकात हे डायनॅमिकच आहे. मग ‘रंगीत तालीम’ कशी वाटते?

पॅनेलवाला: जवळ जाते, पण तालमीत संहिता ठरलेली असते, आणि इथे इन्स्ट्रक्टर मुद्दाम इन्स्ट्रुमेंट खोटं बोलायला लावतो. ते का लागतं म्हणाल तर अमेरिकेतलं टेक्सास सिटी बघा, 23 मार्च 2005. तिथल्या तेल रिफायनरीत स्टार्टअप (बंद युनिट पुन्हा सुरू करणं) चालू होता, 170 फुटी टॉवरमध्ये तासन्‌तास फीड जात राहिलं आणि खालून बाहेर काहीच नाही. लेव्हल मोजणारा ट्रान्समीटर सांगत होता लेव्हल दहा फुटांच्या आत आणि उतरतेय, प्रत्यक्षात ती 150 च्याही वर गेलेली. स्फोट झाला, 15 माणसं गेली. स्टार्टअपसारख्या क्वचित येणाऱ्या आणि धोकादायक कामाचा सराव करायला त्या ऑपरेटरांना सिम्युलेटरच नव्हता, हेही चौकशीत निघालं.

आजोळ: मग शब्द आपल्याकडे आहेच की! लॉ कॉलेजात ‘अभिरूप न्यायालय’ भरतं, शाळांत ‘अभिरूप संसद’ होते. न्यायाधीश खोटा, पण कायदा खरा आणि वादही खरा. तसाच ‘अभिरूप प्लांट’, आणि त्यावर करायचा तो ‘अभिरूप सराव’.

शब्दखोर: अगं बाई, मस्त! हा घेतला. डिझाइनवाल्यांचं मात्र सिम्युलेशनच ठेवते, एकदा ‘गणिती प्रतिमान’ असं समजावून सांगेन आणि सोडून देईन. आता ‘कन्व्हर्ज’? कोशात अभिसरण दिसतंय.

पॅनेलवाला: नको नको! अभिसरण म्हटलं की लोकांना रक्ताभिसरण आठवणार, म्हणजे फिरणं, आणि प्लांटवर खरंच फिरतो तो रिसायकल, म्हणजे परत आत सोडलेला माल. रिसायकलचा आकडा आधी अंदाजाने धरायचा, सगळं गणित फिरवून परत तिथे यायचं, फरक नगण्य होईपर्यंत हेच, तो झाला की कन्व्हर्ज. दोन्हीला एकच शब्द दिला तर वाचणारा गरगरेल. ‘हिशेब जुळला’ लिहा सरळ.

शब्दखोर: आणि तो आधी धरलेला आकडा, इनिशियल गेस?

पॅनेलवाला: आम्ही म्हणतो अंदाजपंचे. तुम्ही छापताना ‘पहिला अंदाज’ करा.