[गप्पा] बेसवाले इअरफोन, साठ डॉलरच्या आत (ढोलाशी संबंधित आहे, कमिटीने रागावू नये)

प्रेषक: केदार

मंडळी नमस्कार,

मी यंदा आपल्या ढोल-ताशा पथकात नवीन, ढोलावर आहे. रविवारी पार्किंग लॉटमध्ये प्रॅक्टिस होते, बाकीचे सहा दिवस घरी सोफ्याची उशी मांडीवर घेऊन टिपरू मारतो. खऱ्या ढोलाला नुसता हात लागला तरी खालच्या मजल्यावरची आजी झाडूच्या दांड्याने छत ठोकते (तालात ठोकते, तिला पथकात घ्या खरं तर). तर कानात आपलं रेकॉर्डिंग, पुढ्यात उशी. उशीला आवाज नाही, म्हणजे ढोलाचा "धम्" कानातूनच यायला हवा, आणि तोच येत नाहीये. नुसता ताशा. तड तड तड तड आणि मध्येच टोल (ती धातूची घंटा). ढोल तीन गल्ल्या सोडून कुणाच्या तरी वरातीत वाजतोय असं वाटतं.

इअरफोन १८ डॉलरचे आहेत, ऑनलाईन घेतले, डब्यावर मोठ्या अक्षरात एक्स्ट्रा बेस लिहिलंय, कंपनीचं नाव सांगत नाही. आता नवीन घ्यायचेत, बजेट ६०. ब्लू लाईनने ऑफिसला जातो त्यामुळे ट्रेनमध्येही चालायला हवेत, आणि जानेवारीत कानटोपीच्या आत मावायला हवेत, म्हणून मोठे डोक्यावरचे हेडफोन नकोत. फोन आयफोन १५. काय घेऊ?

केदार

---

प्रेषक: अनिलकाका

केदारा,

आमच्या नागपूरकडे "बेस" म्हणजे चांगलं, मस्त. त्यामुळे विषय वाचून बरं वाटलं.

पैसे घालवायच्या आधी एक कर. आहेत तेच इअरफोन कानात घाल, रेकॉर्डिंग लाव आणि दोन्ही बोटांनी हळूच आत दाब. दाबल्यावर ढोल आला आणि बोट काढल्याबरोबर गेला, तर दोष इअरफोनचा नाही, रबराचा. कानाची नळी आणि रबर यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी सगळ्यात आधी खालचा आवाज पळून जातो, वरचा मात्र ठणठणीत राहतो, म्हणून तुला ताशा ऐकू येतो आणि ढोल नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणिक लावली नाही तर धुमा बोलत नाही ना, तसंच काहीसं समज.

डब्यात तीन मापांची रबरं आली असतील. मधलं लावूनच येतं आणि उरलेली आपण ज्या ड्रॉवरमध्ये जुन्या किल्ल्या टाकतो तिथे टाकतो. ती शोध. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं धरू नको, माझ्या डाव्याला मोठं लागतं आणि उजव्याला मधलं. आणि घालायची पण रीत आहे, उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून आणून उजवा कान वर आणि मागे ओढायचा (शाळेत गुरुजी ओढायचे तसा, पण प्रेमाने), मग आत सरकवायचा आणि कान सोडायचा. बाहेरचा आवाज एकदम बसला पाहिजे, पाण्यात डोकं घातल्यासारखा. तसं झालं नाही तर बसलं नाही.

काका

---

प्रेषक: केदार

काका, दंडवत!! मोठी रबरं सापडली, किल्ल्यांच्या ड्रॉवरमध्येच होती, तुम्ही घरी येऊन गेलात की काय. ढोल आला. पण आता दुसरंच, आला तो सगळा लगदा होऊन आला. टिपरूचा ठोका कुठला आणि थापेचा कुठला कळत नाही, नुसतं घूं घूं, आणि शिट्टी मारून हात (म्हणजे ठेका) बदलायला सांगतात ते पण त्यात बुडतं. म्हणजे नवीन घ्यावेच लागणार असं दिसतंय. वायरलेस बघू का?

केदार

---

प्रेषक: मंजिरीताई

केदार, वायरलेस नको रे. साठ डॉलरमध्ये बॅटरी, ब्लूटूथची चिप, चार्जिंगची डबी सगळं बसवायचं म्हटल्यावर आवाजाला काय उरणार, शिवाय काही वर्षांनी बॅटरी बसली की सगळंच कचऱ्यात. वायरवाले घे. आयफोनला इअरफोनचा जॅक २०१६ पासून नाही, पण ॲपलचं टाईप-सीवालं छोटं कन्व्हर्टर ९ डॉलरला मिळतं आणि त्याचा आवाज किमतीच्या मानाने फारच स्वच्छ आहे. ते बजेटमध्ये धर.

आता "लगदा" का होतो ते. बेस म्हणून आपण सगळं एकाच पोत्यात घालतो पण त्यात दोन मजले आहेत. साधारण २० ते ६० हर्ट्झ हा तळमजला, पोटात जाणवतो तो, आणि त्याच्या वर २५० पर्यंत दुसरा, तिथे ठोक्याचा भरीवपणा असतो. स्वस्त "एक्स्ट्रा बेस" इअरफोनमध्ये पुष्कळदा हा वरचाच मजला फुगवतात कारण दुकानात पहिल्या दहा सेकंदात तोच भारी वाटतो, मग तो सांडून माणसांच्या आवाजावर येतो आणि तुझी शिट्टी बुडते. तुला तळ उचललेला पण २००च्या आसपास आवरता घेतलेला हवा. आणि डब्यावर ड्रायव्हर (आतले आवाज काढणारे छोटे स्पीकर) किती आहेत त्याकडे बघू नकोस, एकच १० मिलिमीटरचा नीट बसवलेला डायनॅमिक ड्रायव्हर बेसला पुरतो.

माझ्या डोक्यात तीन नावं आहेत, किमती इकडेतिकडे होतात. सेव्हनहर्ट्झ झीरो २, पंचविसेक डॉलर, नीटनेटका, बेस आहे पण अंगावर येत नाही. केझी कॅस्टर, वीसच्या आसपास, याचे दोन प्रकार मिळतात त्यातला बेसवाला बघायचा, बाजूला चार बारीक स्विच असतात ते सिमकार्डच्या पिनने वरखाली करून आवाज बदलता येतो. ज्याला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत त्याच्यासाठी हे खेळणं आहे, आमच्याकडे नवऱ्याला दिलंय, महिना झाला तो गाणी ऐकत नाही, स्विचच बदलतोय. आणि तिसरा ट्रुथइअर झीरो रेड, पंचावन्नच्या घरात. यात दोन डायनॅमिक ड्रायव्हर आहेत, १० आणि ७.८ मिलिमीटरचे, आणि डब्यात १० ओहमचा एक अडॅप्टर येतो, तो मध्ये जोडला की बेस आणखी वाढतो. जादू नाही, इअरफोनचा विजेला होणारा विरोध प्रत्येक सुराला सारखा नसतो म्हणून वायरीत थोडा जास्तीचा विरोध घातला की तोल बदलतो, आवाज मात्र जरा वर न्यावा लागतो. फक्त याची कानात जाणारी नळी जाड आहे, लहान कानाचा असशील तर विचार कर. तुला मोठी रबरं लागली म्हणजे चालेल बहुतेक.

मूनड्रॉप चू २ पण लोक सुचवतील, चांगलाच आहे, पण तो गाणाऱ्यांचा, ढोलवाल्यांचा नाही.

थेट चीनमधून मागवायच्या भानगडीत पडू नकोस. अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला ड्यूटी नव्हती ते दिवस २०२५ च्या मे महिन्यात संपले, आता इथल्याच गोदामातून येणारं बघ. आणि "भावाला पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणायला सांगतो" हेही नको, आम्ही सगळे हे बोलून झालोय, भाऊ येतो तेव्हा बॅगेत चकली भाजणी असते.

मंजिरी

---

प्रेषक: सेक्रेटरी

सर्वांना विनंती, ही लिस्ट १ जण विचारतो १ जण सांगतो यासाठी नाही, कृपया आपापसात बोला. कोजागिरीच्या मसाला दुधासाठी किती जण येणार ते अजून फक्त सात घरांनी कळवलंय. सात!!

ता.क. झीरो २ ची वायर काढता येते का? मुलगा वायर चावतो.

---

प्रेषक: मंजिरीताई

येते, दोन पिनांची आहे, नवीन वायर थोडक्यात मिळते. आमची दोन डोकी धरा दुधाला.

---

प्रेषक: अनिलकाका

आमचीही दोन. एकाला बिनसाखरेचं.

केदारा, मंजिरीने सांगितलं ते सगळं बरोबर, पण मूळ रेकॉर्डिंग ऐकलंस का नीट? मी ग्रुपवरचं ते ऐकलं. ज्याने कुणी काढलं त्याने फोन ताशांच्या पुढ्यात धरलाय. एवढ्या जवळून फोनचा माईक गुदमरतो, ताशाचा तडाखा आला की फोन आपणहून सगळाच आवाज खाली दाबतो आणि ढोल त्याच्याबरोबर चिरडला जातो. जे आडातच नाही ते पंचावन्न डॉलरच्या पोहऱ्यात कुठून येणार. रविवारी फोन ढोलांच्या रांगेच्या मागे, पंचवीस-तीस फूट लांब, कशावर तरी टेकवून ठेव. पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, नुसत्या आवाजाची फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठव.

तरी कमी वाटलं तर आयफोनच्या सेटिंगमधला बेस बूस्टर म्युझिक ॲपपुरताच आहे, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलला तो लागत नाही. फाईल व्हीएलसी नावाच्या ॲपमध्ये उघड, तिथे इक्वलायझर (खालचे-वरचे सूर कमीजास्त करायच्या दांड्या) आहे, डावीकडच्या पहिल्या एक-दोन दांड्या चार-पाच डेसिबल वर कर आणि प्रीॲम्प (एकूण आवाजाची दांडी) तेवढाच खाली घे. हे खाली घेणं लोक विसरतात आणि मग आवाज फाटला म्हणून इअरफोनला शिव्या घालतात.

आता ट्रेनचं. ब्लू लाईन बोगद्यात शिरली की तिची स्वतःचीच घरघर खालच्या सुरांची असते, ती नेमकी तुझ्या ढोलावर बसते, मग माणूस आवाज वाढवतो, मग आणखी वाढवतो. मीही तेच केलं वर्षानुवर्षं, आज रात्री उशीवर डोकं टेकलं की डाव्या कानात कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो स्स्स येतो तो चालू असतो आणि ती शिट्टी काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास आणि ९० ला फक्त चार असा आहे, आणि तुझा रविवारचा खरा ढोलही त्यातच मोजायचा. तेव्हा ट्रेनसाठी रबराच्या जागी लावायची फोमची बोंडं घे. बोटांत चोळून बारीक करायची, कानात घालून अर्धा मिनिट धरून ठेवायची, फुगून घट्ट बसतात, घरघर बाहेर राहते. काही महिन्यांनी बदलावी लागतात. ताशाची धार पण थोडी बोथट होते त्याने, तुला ते आवडेलच.

हळू आवाजात बेस कमी वाटतो हे मात्र खरंय, तो कानाचाच स्वभाव आहे, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून ठेवलंय. घरी थोडा बेस वाढवून हळू ऐक, उलटं करू नको.

काका

---

प्रेषक: केदार

रिपोर्ट देतो. झीरो रेड घेतले, कन्व्हर्टर धरून बजेट चार डॉलरने हुकलं. अडॅप्टर लावून घरी, ट्रेनमध्ये फोम लावून आणि अडॅप्टर काढून. वायर कानावरून मागे घ्यायची असते हे दोन दिवसांनी कळलं, तोपर्यंत शर्टाला घासल्याची खरखर ढोलाबरोबर ऐकत होतो.

रविवारी काकांनी सांगितलं तसा फोन मागे कचऱ्याच्या डब्यावर ठेवून रेकॉर्ड केलं. काय सांगू, टिपरू वेगळं, थाप वेगळी, थापेनंतर ढोलाचं पान थरथरतं ते पण ऐकू येतं, काल उशी वाजवता वाजवता उठून उभाच राहिलो.

एकच आहे. तिसऱ्या हातात सगळ्यांचा मिळून एक धम् येतो आणि त्याच्या किंचित मागून एकट्याचा एक धम् येतो. प्रत्येक आवर्तनात. मी चार वेळा ऐकलं, डावीकडून येतो. डावीकडे टोकाला मी होतो.

मंजिरीताई, ती फाईल तुम्ही सगळ्या पथकाला पाठवलीत ना, ती डिलीट फॉर एव्हरीवन होईल का अजून? आणि दुधाला माझं एक धरा.

केदार